बकऱ्यालाच चांगले पत्ते येतात

दिवाळी तोंडावर आली की जबलपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी दिसू लागते. अमुक ठाण्याच्या हद्दीत जुगाराच्या फडावर छापा, इतके जण ताब्यात, इतकी रोकड, इतके मोबाइल आणि ताशाचे ५२ पत्ते जप्त. नागपूर-अकोल्याकडच्या मराठी बातम्याही याच साच्यातल्या असतात. पंचनाम्यात पत्ते मोजले जातात, पण ते सरळ वाटले गेले होते का, हे कुणी विचारत नाही. कायद्याला त्याच्याशी कर्तव्यही नाही. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्याला लागू झालेला १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा अड्डा चालवणाऱ्याला आणि अड्ड्यावर सापडलेल्याला, दोघांनाही गुन्हेगार धरतो. त्यामुळे लुबाडणारा आणि लुबाडला गेलेला एकाच गाडीतून ठाण्यात जातात. पत्त्यांत हात मारणाऱ्याचं सगळ्यात भक्कम कवच हेच आहे. ज्याचे पैसे गेले, त्याला फिर्याद द्यायला तोंडच नसतं. ना पोलिसांपुढे, ना घरी बायकोपुढे.

लबाडी कशी होते हे समजून घ्यायचं तर आधी सरळ खेळ किती सरळ असतो ते पाहावं लागतं. आपल्याकडे पत्ते पिसतात ते हातावर. डाव्या तळव्यात पत्त्यांचा जोड आडवा धरायचा आणि उजव्या हाताने मागचा गठ्ठा उचलून पुढे थोडा थोडा सोडत जायचा. पाहणाऱ्याला वाटतं, झकास मिसळले. प्रत्यक्षात शेजारचे पत्ते बरेचसे शेजारीच राहतात. रमीत मोडलेल्या डावातले सेट पुढच्या डावात तुकड्यातुकड्याने परत भेटतात, हा अनुभव कुठल्याही रमीबाजाला विचारा. जोडाचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकांत फर्रकन सोडण्याची दुसरी पद्धत जास्त चांगली. तिच्याबद्दल १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी सिद्ध करून दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागतात. आपल्या हातावरच्या पद्धतीला सातने काही होत नाही, तिथे आकडा हजारोंच्या घरात जातो. डायकोनिस हे गणिताकडे आले तेच पत्त्यांच्या वाटेने. चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन नावाच्या जादूगाराबरोबर गावोगाव फिरले होते.

म्हणजे अर्धवट पिसलेल्या पत्त्यांवर आपण सगळे वर्षानुवर्षं खेळतो आणि त्याला नशीब म्हणतो. पत्तेबाजाला एवढी फट पुरते. त्याला सगळे ५२ पत्ते मनासारखे लावायची गरज नसते. तीन किंवा चार पत्ते कुठे आहेत एवढं ठाऊक असलं आणि पिसताना ते जागचे हलले नाहीत, की काम झालं. मागच्या डावातले पडलेले पत्ते गोळा करण्याची घाई कोण करतो, हे म्हणूनच बघण्यासारखं असतं. गोळा करतानाच तीन एक्के तळाशी जातात. मग हातावर पिसताना तळाचा गठ्ठा हलवायचाच नाही, वरचेच पत्ते खालीवर करत राहायचं.

आता वाटप. ते जवळून पाहू. जोड डाव्या हातात आहे. तर्जनी पुढच्या कडेवर, उरलेली तीन बोटं उजव्या बाजूला, अंगठा वर. सरळ वाटणारा माणूस अंगठ्याने वरचा पत्ता किंचित उजवीकडे सरकवतो आणि उजव्या हाताने तो उचलून टाकतो. लबाडही अंगठ्याने वरचा पत्ता सरकवतो. उजवा हात तिथे येतो, त्याचा अंगठा वरच्या पत्त्यावर टेकल्यासारखा दिसतो, पण खालून मधलं बोट तळाचा पत्ता ओढून घेतं. त्याच क्षणी डावा अंगठा वरचा पत्ता गुपचूप मागे घेतो. डोळ्याला दिसतं ते एवढंच की वरचा पत्ता सरकला आणि समोर एक पत्ता पडला. मधली ओळ मेंदू स्वतःच भरतो. ही चाल डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळते. दोन बाजूंना घासून निघालेल्या पत्त्याचा आवाज थोडा जाड असतो. मुरलेले खेळाडू म्हणूनच वाटणाऱ्याच्या हाताकडे बघतात कमी आणि ऐकतात जास्त. दुसरा प्रकार तळाऐवजी वरून दुसरा पत्ता देण्याचा. वरचा पत्ता आपल्यासाठी राखून ठेवायचा आणि इतरांना त्याच्या खालचे देत जायचे. तो शिकायला जास्त कठीण, आणि त्याचा खरा उपयोग खुणा केलेल्या पत्त्यांबरोबर होतो.

या सगळ्याचं लिखित शास्त्र आहे. १९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. एर्डनेझ या नावाने एक पुस्तक निघालं, 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल'. लेखक कोण, हे शंभरावर वर्षं उलटूनही ठरलेलं नाही. नाव इंग्रजीत उलटं वाचलं तर 'ई. एस. अँड्र्यूज' होतं, तेवढ्यावरून संशोधकांनी कितीतरी अँड्र्यूज खणून काढले. पुस्तकाचा अर्धा भाग जुगारातल्या लबाडीवर आणि अर्धा जादूवर आहे. गंमत अशी की आज ते चोरांपेक्षा जादूगारांच्या घरात जास्त सापडतं. त्याआधी १८६१ मध्ये फ्रान्सच्या रॉबेर-उदँ या नामांकित जादूगाराने पत्तेचोरांच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे जॉन स्कार्न सैनिकांच्या छावण्यांत जाऊन तीच चोरी करून दाखवत आणि पगार कसा वाचवायचा ते सांगत. चोराची विद्या जादूगाराने उचलायची आणि मग लोकांना सावध करायचं, अशी ही जुनी रीत आहे.

पण उचलायची म्हणजे नुसतं पुस्तक वाचून नव्हे. डाय व्हर्ननचीच गोष्ट घ्या. १९३२ साली अमेरिकेतल्या विचिटा गावच्या तुरुंगात एका मेक्सिकन कैद्याने त्यांना सांगितलं की जोडाच्या बरोबर मधून पत्ता वाटणारा एक माणूस आहे. व्हर्नन पत्त्यांतले जाणते, पण त्यांनाही हे अशक्य वाटत होतं. ही चाल एवढी मोलाची का, ते सांगायला हवं. तळाशी लावलेले एक्के कापताना मध्ये जातात. पिसल्यावर दुसऱ्याने पत्ते कापायचे, हा नियम जगभर आहे तो नेमका या चोरीवर उतारा म्हणून. कापलेल्या जोडाच्या मधूनच जर कुणी पत्ता काढू शकला, तर कापणं निरुपयोगी ठरतं. व्हर्नन त्या माणसाच्या शोधात जुगारी, दलाल आणि अड्डेवाले पालथे घालत हिंडले आणि शेवटी मिझुरीतल्या प्लेझंट हिल या छोट्या गावात अ‍ॅलन केनेडी हा शांत स्वभावाचा जुगारी त्यांना सापडला. त्याने ती चाल करून दाखवली. जादूगाराला चोराच्या दारात शिष्य म्हणून उभं राहावं लागलं, हे मला या धंद्याबद्दलचं सगळ्यात खरं दृश्य वाटतं. कारण व्हर्नन चुकले असते तर फार तर टाळ्या कमी पडल्या असत्या. केनेडी चुकला असता तर त्याची हाडं मोडली असती. सराव कुणाचा पक्का असणार, हे सांगायला नको.

जादूगार आणि पत्तेचोर यांच्या बोटांत फरक नसतो, करारात असतो. पुण्याचे जादूगार रघुवीर असोत की जबलपूरचे जादूगार आनंद, तिकीट काढून बसलेल्याला ठाऊक असतं की हा माणूस आपल्याला फसवणार आहे. तो चमत्कार डोळे फाडून पाहावा, हीच जादूगाराची इच्छा असते. चोराच्या बाबतीत उलटं. त्याच्या टेबलावर काही विशेष घडलं असं कुणालाही वाटता कामा नये. म्हणून खरा पत्तेबाज पत्ते कधी छान पिसत नाही. हवेत धबधबा करणारा, एका हाताने जोड कापून दाखवणारा माणूस तुमच्या फडात असेल तर तो बहुधा हौशी आहे. घाबरायचं ते वेंधळेपणाने पिसणाऱ्याला, ज्याचे दोन पत्ते प्रत्येक डावात खाली सांडतात.

बोटांची ही कारागिरी कितीही मोहात पाडणारी असली तरी चोरीचा मोठा भाग बोटांत नसतोच. तो सोबतीत असतो, आणि इथे जबलपूरला एक स्वतंत्र स्थान आहे. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने जबलपूरला बसून ठगांविरुद्धची मोहीम चालवली, माफीचे साक्षीदार झालेल्यांचे जबाब लिहून घेतले आणि १८३६ मध्ये त्यांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला. जबाब देणाऱ्यांना फाशी चुकवायची होती आणि सरकारला आपलं राज्य किती गरजेचं आहे ते दाखवायचं होतं, त्यामुळे या कागदांवर आजचे इतिहासकार डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, ते योग्यच आहे. पण त्यात कामाची जी वाटणी दिसते ती विलक्षण आहे. वाटसरूची टेहळणी करणारा वेगळा. गोड बोलून त्याला आपल्या टोळीत ओढणारा वेगळा, त्याला सोथा म्हणत. हात धरणारा वेगळा, फास टाकणारा वेगळा. आणि इशारा, म्हणजे झिरनी. ती 'तंबाखू आण' इतकी साधी असू शके. टोळीची खरी भिस्त फास टाकणाऱ्यावर नव्हे, सोथ्यावर असायची. दोन-चार दिवस बरोबर चालून, खाऊन-पिऊन त्याने विश्वास कमावला नाही तर पुढच्यांना कामच नव्हतं.

रस्त्यावरच्या तीन पत्त्यांच्या खेळात रक्त सांडत नाही, एवढं सोडलं तर रचना तीच. जत्रेत, स्टेशनाबाहेर, एसटी स्टँडच्या मागे एक जण उलट्या खोक्यावर तीन पत्ते फिरवत असतो. राणी ओळखा आणि दुप्पट घ्या. भोवती पाच-सहा जण उभे, त्यातले दोघे सारखे जिंकताहेत. बकरा, म्हणजे ज्याला लुबाडायचं तो, सोडून बाकी सगळे टोळीतलेच असतात, हे बकऱ्याला शेवटी कळतं. हातातली चाल अगदी लहान आहे. उजव्या हातात दोन पत्ते एकावर एक, मध्ये बोटभर फट. खालचा पत्ता पडतोय असं दिसतं, पण बोटं वरचा सोडतात. राणी वर होती की खाली, तिथेच नजर चुकते. तरी केवळ या चालीवर कुणी मोठी रक्कम लावत नाही. म्हणून दुसरी पायरी. पत्तेवाला क्षणभर मागे वळतो, भांडतो, पोलीस आले का बघतो. तेवढ्यात गर्दीतला एक जण राणीचा कोपरा हळूच दुमडतो आणि बकऱ्याकडे बघून डोळा मारतो. आता बकऱ्याला खात्री आहे की फसतोय तो पत्तेवाला. तो खिशातलं सगळं काढतो. पत्तेवाल्याने फेकता फेकता राणीचा कोपरा सरळ केलेला असतो आणि दुसऱ्या पत्त्याचा दुमडलेला. या घडीला बकरा स्वतःच चोरीत भागीदार झालेला असतो, आणि म्हणून तो ओरडतही नाही. मला विचाराल तर सगळ्या पत्तेचोरीचं सार या दुमडलेल्या कोपऱ्यात आहे.

बंद खोलीतल्या तीन पत्तीत हेच जास्त सभ्यपणे होतं. नवख्याला वाटतं, लबाड आपल्याला वाईट पत्ते देईल. वाईट पत्ते आले तर माणूस पॅक होतो आणि फार तर बूट, म्हणजे सुरुवातीला टाकलेली रक्कम, गमावतो. त्यात कुणाचं भलं होणार? लबाड बकऱ्याला फार चांगले पत्ते देतो. समजा तीन राजे. आणि स्वतःला तीन एक्के. हिशेब करून बघू. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यातले फक्त ५२ ट्रेलचे (तिन्ही पत्ते सारख्या किमतीचे), म्हणजे सरासरी ४२५ डावांत एकदा. अमुक दोघांना एकाच डावात ट्रेल येणं सरळ खेळात सुमारे १ लाख ६३ हजार डावांत एकदा. सहाजण बसले असतील आणि कुणाही दोघांना आले तरी चालेल म्हटलं, तर साधारण ११ हजार डावांत एकदा. आयुष्यभर दिवाळीला खेळणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते बहुधा येतच नाही. तरी तीन राजे घेऊन घर गहाण टाकणारा माणूस पुढे जन्मभर सांगत राहतो की नशीबच फिरलं, तीन राजांवर कोण सोडेल? तो म्हणतो ते चूक नाही. कुणीच सोडत नाही, यावरच तर चोराचा भरवसा असतो. जाता जाता एक गोष्ट. आपल्या तीन पत्तीत ट्रेल प्युअर सिक्वेन्सपेक्षा (एकाच रंगाच्या लागोपाठच्या तीन पत्त्यांपेक्षा) मोठी धरतात, पण एक्का-दुरी-तिरी आणि राणी-राजा-एक्का दोन्ही धरले तर प्युअर सिक्वेन्स ४८ च प्रकारे होते. म्हणजे ती ट्रेलपेक्षाही दुर्मीळ. एवढी वर्षं सगळा देश खेळतोय आणि क्रम उलटा आहे, याची कुणाला खंत नाही.

फड बसवणाऱ्याला मात्र यातलं काहीच करायची गरज नसते. तो प्रत्येक डावातून आपली नाल, म्हणजे आपला हिस्सा, कापून घेतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असं सांगितलं आहे, शिवाय फासे, पाणी आणि जागा यांचं भाडं वेगळं. फासे बदलणाऱ्याला दंडही आहे. सरकारनेच अड्डा चालवायचा आणि लबाडी आपणच पकडायची, अशी ती व्यवस्था. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला संवाहक दहा सुवर्णं हरून पळतो तेव्हा त्याच्या मागे लागतो तो जिंकणाऱ्याबरोबर सभिक माथुर, म्हणजे अड्ड्याचा मालक. देवळाकडे उलट्या पावलांनी चालत जाऊन माग चुकवायचा आणि रिकाम्या गाभाऱ्यात मूर्ती होऊन उभं राहायचं, ही त्याची हिकमत नाटक पाहणाऱ्यांच्या लक्षात असेल.

कौशल्य आणि नशीब यांची हद्द भारतीय कायद्यात ज्यांनी आखली त्यातलं एक मोठं नाव जबलपूरशी जोडलेलं आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशच्या जबलपूर इथल्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयात असताना सिकंदराबादच्या एका क्लबवरच्या छाप्याचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. १९६७ च्या त्या निकालात त्यांनी म्हटलं की रमीत कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, कोणता ठेवायचा नि कोणता टाकायचा ते ठरवावं लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पत्तीचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. कायद्याच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पत्तेचोराच्या दृष्टीने बरोबर उलटं. तीन पत्तीत सगळं कौशल्य वाटणाऱ्याच्या हातात असतं, आणि रमीत दोघांनी संगनमत केलं की तिसऱ्याच्या स्मरणशक्तीचा काही उपयोग उरत नाही. बोट गालावर ठेवलं की बदाम, चष्मा सारखा केला की किल्वर. एवढ्यासाठी हात चालवायची विद्या लागत नाही.

पत्त्यांबाहेर पाहिलं तर जबलपूरच्याच लष्करी मेसमध्ये १८७५ च्या पावसाळ्यात नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर काढला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तिथे त्याआधी खेळले जाणारे पूलचे प्रकार पैजेचे होते, हे सहसा सांगितलं जात नाही. स्नूकरमध्ये चेंडू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून लबाडीला जागा उरते ती मुख्यतः मुद्दाम हरून पैज वाढवण्याची.

पत्त्यांत आता बोटांची जागा यंत्रं घेऊ लागली आहेत. पत्त्यांच्या कडांवर डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा छापलेल्या असतात. टेबलावर ठेवलेल्या, मोबाइलसारख्या दिसणाऱ्या यंत्रातला कॅमेरा पिसून ठेवलेल्या जोडाची कड वाचतो आणि कोणाचा हात मोठा निघणार ते वाटायच्या आधीच कानातल्या बारीक यंत्रातून सांगतो. पाठीवरच्या अदृश्य शाईसाठी खास भिंगं मिळतात. केनेडीने आयुष्य घालवून जे कमावलं, ते आज वेष्टनात बंद विकत मिळतं, त्यामुळे सरावाने ओळखू येणारा चोर कमी आणि न ओळखू येणारा जास्त झाला आहे. मोबाइलवरच्या डावांचा प्रश्न संसदेने वेगळ्याच रीतीने मिटवला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. हिदायतुल्लांनी आखलेली रेघ निदान पडद्यावर तरी पुसली गेली.

राहिले घरचे डाव. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, आणि त्या दिवशी चार आण्यांच्या हिशेबाने का होईना, पत्ते निघतातच, जबलपूरच्या मराठी घरांतही आणि पुण्यातही. तिथे कुणी चोर नसतो असं धरून चाललं तरी तीन गोष्टी करून पाहा. पत्ते हातावर पिसण्याऐवजी सतरंजीवर उलटे पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल कालवा, मिसळण्याचा हा साध्यातला खात्रीचा मार्ग आहे. कापायला वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याला देऊ नका, समोरच्याला द्या. आणि कापून झाल्यावर जोडाच्या तळाशी एक जाड रंगीत पुठ्ठा ठेवा. कसिनोत हाताने वाटायच्या डावांत तो बहुधा ठेवतातच, कारण तळाचा पत्ता त्यानंतर ओढता येत नाही.